एकच डॉक्टर, पुढची तारीख

पायाला मुंग्या येतात, पोटरीचं मांस आपोआप उडतं, हातातला कप मध्येच जड वाटतो, चालताना तोल गेल्यासारखं होतं. रक्त तपासून झालं, एमआरआय झाला, आणि सगळं नॉर्मल आहे असं कागदावर लिहून आलं. तुमच्यापैकी काहींच्या घरात असा माणूस असेल, काहीजण स्वतःच या अवस्थेत असाल. त्रास खरा आहे, पण त्याला नाव मिळालेलं नाही. म्हणून मन थेट टोकाला जातं : मेंदूत गाठ, मल्टिपल स्क्लेरोसिस, मोटर न्यूरॉनचा आजार. मग दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर, पुन्हा एमआरआय. या वणवणीबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी आज दोन-तीनदा सांगणार आहे : एक डॉक्टर धरा, आणि त्यांनी दिलेल्या तारखेला त्यांच्याकडूनच पुन्हा तपासून घ्या.

पावसाळ्यात भिंतीला ओल दिसली की जाणता गवंडी लगेच गिलावा फोडत नाही. तो ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारतो, बाजूला तारीख घालतो आणि पंधरा दिवसांनी येऊन बघतो. ओल रेघेबाहेर गेली का, खाली उतरली का, ऊन पडल्यावर आक्रसली का, यावरून पाणी गच्चीचं की नळाचं हे त्याला उमगतं. दर आठवड्याला नवा गवंडी आणला, तर प्रत्येकाला ती ओल पहिल्यांदाच दिसते. तो मनाला येईल तिथे फोडतो, आणि आधीची रेघही गिलाव्याबरोबर जाते. न्यूरोलॉजिस्ट गुडघ्याखाली हातोडीने ठोकतात, कंप पावणारा काटा घोट्याच्या हाडावर टेकवून ‘थांबलं की सांगा’ म्हणतात, टाचांवर चालायला लावतात. तळपायावर ओरखडा काढून अंगठा वर उचलला जातो की खाली वळतो, हे पाहतात. ही खूण बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये पॅरिसला मांडली, आणि आजच्या यंत्रांच्या काळातही तिच्यावाचून तपासणी पुरी होत नाही. तुमच्या केसपेपरवर उतरलेली ही सगळी टिपणं म्हणजे ती पेन्सिलीची रेघ. तीन महिन्यांनी त्याच हातांनी पुन्हा तपासलं तरच काय बदललं ते कळेल. पाच डॉक्टरांच्या पाच पहिल्या भेटींतून ते कळत नाही.

कुणी म्हणेल, आणखी एक स्कॅन काढला तर निदान मनाला शांतता तरी मिळेल. हे लंडनमध्ये तपासून पाहिलेलं आहे. रोज डोकं दुखणाऱ्या काही रुग्णांना मेंदूचा स्कॅन देऊ केला, काहींना नाही. निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी स्कॅनवाल्यांची काळजी कमी दिसली, पण वर्षाअखेर तो फरक टिकला नव्हता. उलट स्कॅन नवी काळजीही घरी आणतो. पाठीचं काहीही दुखणं नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या अनेक पाहण्या २०१५ मध्ये एकत्र मांडल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. म्हणजे फिल्मवर काही दिसलं, तरी मुंग्यांचं कारण तेच असेल असं नाही. मांस उडण्याचंही तेच. हातापायांत ताकद शाबूत आणि तपासणी निर्दोष असलेल्या १२१ जणांचा माग अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने घेतला, कुणाचा दोन वर्षं, कुणाचा बत्तीस. १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एकालाही मोटर न्यूरॉनचा आजार झाला नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : वाट पाहण्यात वेळ गेला तर? काही लक्षणांत वाट पाहायचीच नसते, हे आधी पक्कं करा. तोंड एकाएकी वाकडं झालं, बोबडी वळली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला तर तडक मोठं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. लघवी अडली, किंवा पायांतली ताकद दिवसागणिक कमी होऊन अशक्तपणा वर चढू लागला, तरी त्याच दिवशी. आणि साधी कारणं पहिल्याच भेटीत तपासली पाहिजेत : साखर, थायरॉइड, बी-१२. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश मध्यमवयीन पुरुषांत बी-१२ कमी निघालं होतं. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल, तर ही तपासणी झाली का ते विचारा. ही कमतरता भरून काढता येते, पण फार उशीर झाला तर नसांचं नुकसान राहून जातं. एवढं केल्यावरही उत्तर मिळालं नाही, तर मात्र मी सांगतो ती पुढची तारीख घ्या.

‘मानसिक आहे, सोडून द्या’ असं सांगून रुग्णाला वाटेला लावणाऱ्यांवर माझा राग आहे. फंक्शनल म्हणतात तो विकार नाटक नसतो. त्यात मेंदूची रचना ठीक असते, काम बिघडतं, आणि ते तपासणीत दाखवून देता येतं. रुग्ण उताणा झोपतो, डॉक्टर लुळ्या पायाच्या टाचेखाली तळहात ठेवतात. तो पाय खाली दाबा म्हटलं तर जोर येत नाही; पण दुसरा पाय उचला म्हटल्याबरोबर तीच टाच तळहातावर दाबली जाते. हूव्हर यांनी ही खूण १९०८ मध्ये सांगितली. ती रुग्णाला समजावून दाखवली तर त्यातूनच व्यायामोपचार सुरू होऊ शकतो. आणि अशा निदानामागे मोठा आजार लपून राहत असेल ही भीती? स्कॉटलंडमध्ये ज्यांच्या तक्रारींना शारीरिक आजाराचा आधार सापडला नव्हता, अशा १०३० जणांची सुमारे दीड वर्षाने चौकशी केली. आधी न सुचलेला आजार निघाला तो चौघांत. चौघे का होईना, निघाले, म्हणूनच पुढची तारीख चुकवायची नाही.

वेळ संपत आला आहे. घरच्यांनी अशा माणसाशी कसं वागावं, हे आज राहूनच गेलं. एवढं करा : एका कागदावर लिहा, कधी सुरू झालं, कुठे होतं, कशाने वाढतं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. दवाखान्यात पाचच मिनिटं मिळाली तरी हा कागद कामी येतो. आणि उठताना डॉक्टरांना विचारा, ‘पुन्हा कधी तपासाल, आणि त्याआधी काय झालं तर लगेच येऊ?’ या दोन प्रश्नांची उत्तरं घेतल्याशिवाय दवाखान्यातून बाहेर पडू नका.