गंगावऱ्हेची वायनरी आणि आम्ही अकरा जणी

मी मुळशी तालुक्यातल्या भरे गावातून बोलतेय. बचत गटांचं काम बघते. आज ज्या सहलीबद्दल सांगणार आहे, ती घरी सांगताना आमच्यातल्या निम्म्या जणींनी "नाशिकला द्राक्षांचा कारखाना बघायला चाललोय" एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरंही नव्हतं.

आमच्या डोंगराला करवंदं आणि जांभळं भरपूर. उन्हाळ्यात बायका पाट्या घेऊन रस्त्याला बसतात, आणि संध्याकाळी उरलेला माल मातीमोल विकतात. गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, जांभळाची वाईन करा, बाटलीला शेकड्यात भाव मिळतो. लगेच दोन तट पडले. एक अक्का म्हणाल्या, "आपण दारूच्या दुकानाविरुद्ध आडव्या बाटलीला मत द्या म्हणून सांगत फिरतो, आणि आपणच बाटल्या भरायच्या?" दुसऱ्या म्हणाल्या, आधी बघून तर येऊ. फेब्रुवारी 2020 मध्ये दोन गाड्या केल्या आणि अकरा जणी निघालो.

गेलो ते नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या काठावर, गंगावऱ्हे गावातल्या यॉर्क वायनरीत. नाव इंग्रजांच्या गावाचं वाटतं, पण तसं नाही. योगिता, रवी आणि कैलास या गुरनानी कुटुंबातल्या तीन मुलांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून ते केलंय. कैलास ऑस्ट्रेलियात ॲडलेडला वाईनचं शिक्षण घेऊन आले आणि वाईन करायचं काम त्यांनी सांभाळलं. शेजारची मोठी सुला, तिचं नावसुद्धा संस्थापक राजीव सामंत यांच्या आईच्या, सुलभाताईंच्या नावावरून. आमच्यातली एक लगेच म्हणाली, "यांच्या बाटलीवर आई आणि लेकरं, आणि आपल्या लोणच्याच्या बरणीवर नुसता गटाचा नंबर!"

तोडणीचे दिवस होते. वाईनची द्राक्षं आपण खातो तशी लांबट, बिनबियांची नसतात. मणी बारीक, साल जाड, आत बिया. तोंडात टाकली तर गोड लागतात, पण साल चावत बसावी लागते. आपल्याकडे वेलाची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता गोडी छाटणी. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षाला एकच छाटणी पुरते. आपला वेल झोपतच नाही, म्हणून त्याला कात्रीनं जागं-निजवं करावं लागतं. शेतकऱ्याच्या घरच्या बायकांना हे दोन मिनिटांत कळलं, मला जरा वेळ लागला.

आत गेल्यावर वास आला, तो आंबलेल्या पिठासारखा. फरशी सारखी धुतलेली, ओली. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षं लगेच दाबून नुसता रस घेतात आणि स्टीलच्या टाक्यांत गार ठेवून आंबवतात. लाल वाईन सालींसकट आंबवतात, रंग सालीतच असतो. राहिलेला चोथा शेतात खत म्हणून जातो. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात असं कळलं, तेव्हा सगळ्या जणींनी मनातल्या मनात हिशेब केला. किलोचा भाव शेतकऱ्याला, बाटलीचा भाव कुणाला? पण टाक्या, थंड करायची यंत्रं, ओक लाकडाची पिंपं, आणि माल तयार होऊन विकेपर्यंत अडकलेले पैसे, हे पाहिल्यावर तो प्रश्न जरा मवाळ झाला.

मग चव घ्यायची वेळ आली. धरणाचं पाणी समोर दिसत होतं. सहा जणींनी ग्लास घेतले, पाच जणींनी नाही. मी घेतला. शेजारी एक भांडं होतं, नको असेल तर घोट त्यात थुंकायचा. ते पाहून ज्या हसू लागल्या त्यांना थांबवता येईना! शेनिन ब्लाँ मला आंबटगोड लागली, लाल शिराझनं जीभ कोरडी पडली, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर पडते तशी.

ज्यांनी घेतला नाही त्यांत आमच्या एक काकू होत्या. त्यांच्या घरात दारूनं काय केलं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. माहिती देणारा मुलगा म्हणाला, "पिऊ नका, नुसता वास तर घ्या." सोव्हिन्यों ब्लाँचा ग्लास होता. काकूंनी नाक जवळ नेलं आणि म्हणाल्या, "कच्चा पेरू. आणि हिरवी ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसा." मुलगा बघतच राहिला. शिकवताना त्यांना हेच दोन वास सांगतात म्हणे. काकूंनी वर्षानुवर्षं पाटीवर फळं विकलीत, त्यांच्या नाकाला कोण फसवणार?

परतीच्या गाडीत वाद झाला. "वाईन म्हणजे काही दारू नव्हे," असं एकीनं म्हटलं. मी बी.ए. असले तरी गणितात बरी होते, म्हणून हिशेब मांडला. वाईनमध्ये साधारण साडेबारा-तेरा टक्के मद्य, म्हणजे 150 मिलीच्या ग्लासात जवळजवळ 19 मिली. आपल्याकडच्या व्हिस्कीत 42.8 टक्के, म्हणजे दीड पेगमध्ये, 45 मिलीत, तेवढंच. भरलेला एक ग्लास दीड पेगाबरोबर. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हाही पुढारी हेच म्हणत होते की वाईन म्हणजे दारू नाही. मला त्या शेतकऱ्यांचं आणि कारागिरांचं काम मनापासून आवडलं. पण हे वाक्य मला पटत नाही.

जांभळाची वाईन आम्ही केली नाही. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून काढावा लागतो, घरी आंबवून विकणं हा गुन्हा आहे, आणि टाक्यांपुरतंही आमचं भांडवल नव्हतं. करवंदाचं सरबत आणि जांभळाचा पल्प यावर आम्ही थांबलो. पुढे 2021 मध्ये सुलानं यॉर्क विकत घेतली. ती बातमी वाचून मला उगाचच वाईट वाटलं, जणू ओळखीच्या घरावरची पाटी बदलली.

त्या रात्री मंचरच्या पुढे आल्यावर सगळ्या झोपल्या होत्या. काकू जाग्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "ताई, वासाचं घरी नको बोलू. मी नुसता वास घेतला, हे कोण खरं मानणार?"