टाळी आणि यादी

(तीर्थपुरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अग्निबाणाच्या उड्डाणाचे दृश्य पडद्यावर आले की प्रेक्षागृह गप्प होते. उलटी गणती सुरू होते आणि शेंगदाण्याची पुडी हातातल्या हातात राहते. शून्य येते, ज्वाळा उसळतात, धुराचे लोट पसरतात, यान आधार सोडून वर चढते, आणि मग टाळ्या पडतात. कोणी शिट्टी मारतो, कोणी हळूच डोळे पुसतो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी प्रदर्शित झालेल्या 'मिशन मंगल' या हिंदी चित्रपटाची कथा सर्वांना ठाऊक होती. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचले, हे शाळकरी मुलालाही माहीत होते. तरी पडद्यावर गणती सुरू झाली की जीव टांगणीला लागतोच. निकाल ठाऊक असताना वाटणारी ही धाकधूक म्हणजे काय, आणि ती टाळी कोणासाठी असते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

सुशिक्षित मंडळी या टाळीचा निकाल दोन तऱ्हांनी लावतात. पहिली तऱ्हा म्हणजे, खेड्यातला प्रेक्षक भोळा. धूर आणि आवाज पाहून तो भुलतो. दुसरी तऱ्हा अधिक पुरोगामी दिसते. गरिबाला भाकरी नाही, त्याने अग्निबाणाला टाळ्या वाजवणे ही त्याची दिशाभूल होय, असे ती सांगते. दोन्ही निकाल तपासून पाहिले पाहिजेत.

भोळ्या प्रेक्षकाची कथा सिनेमाइतकीच जुनी आहे. पडद्यावर आगगाडी आली आणि पॅरिसचे प्रेक्षक घाबरून पळाले, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. इतिहासकारांनी शोध घेतला, तेव्हा या पळापळीला विश्वसनीय पुरावा मिळाला नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हिंदुस्थानातला पहिला खेळ झाला, तो एक रुपया तिकिटाचा होता. म्हणजे पहिला प्रेक्षक सुखवस्तूच होता. पुढे तंबूतल्या सिनेमाने जत्रांमधून पडदा गावोगाव नेला. त्या तंबूत जमिनीवर बसलेला शेतमजूर यंत्र बंद पडले की ओरडा करी, रीळ तुटले की पैसे परत मागे. त्याला पडदा आणि जग यांतला फरक चांगला कळत होता. भोळेपणाची कथा प्रेक्षकाविषयी थोडे सांगते आणि सांगणाऱ्याविषयी पुष्कळ.

उलटी गणती आली कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९२९ मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा चंद्रप्रवासावरचा मूकपट प्रदर्शित झाला. उड्डाणाची उत्कंठा वाढावी म्हणून त्याने पडद्यावर सेकंद उलटे मोजले. शास्त्रज्ञ हेर्मान ओबेर्ट त्याचे सल्लागार होते. चित्रपटाची ही युक्ती पुढे खऱ्या प्रक्षेपणांची रीत झाली. परंतु याच कथेला दुसरी बाजू आहे. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडे येथे जर्मनीचा व्ही-२ अग्निबाण प्रथम यशस्वीपणे उडाला, तेव्हा त्याच्या अंगावर त्या चित्रपटाचे चिन्ह रंगवलेले होते. सप्टेंबर १९४४ पासून हेच अग्निबाण लंडनवर कोसळू लागले. ते मिटेलबाउ-डोरा छावणीतल्या कैद्यांकडून भुयारी कारखान्यात बनवून घेतले जात, आणि त्या छावण्यांत सुमारे २०,००० माणसे मेली. उड्डाणाच्या दृश्यात ज्वाळा दिसते, हात दिसत नाहीत.

'मिशन मंगल'चे श्रेय असे की त्याने काही हात दाखवले. तारा शिंदे ही त्यातली शास्त्रज्ञ पुऱ्या तळताना गॅस बंद करते. तापलेल्या तेलात उरलेल्या पुऱ्या फुगतात, आणि इंधन वाचवण्याची कल्पना तिथून निघते. प्रसंग कल्पित आहे, पण काटकसर खरी आहे. भारताच्या त्या अग्निबाणात यान थेट मंगळाकडे भिरकावण्याइतके बळ नव्हते. म्हणून यान पृथ्वीभोवती फिरत ठेवले, प्रत्येक फेरीत मोक्याच्या जागी थोडे इंधन जाळून कक्षा लांबवत नेली आणि १ डिसेंबर २०१३ रोजी त्याला मंगळाच्या वाटेला लावले. स्वयंपाकघरातले शहाणपण विज्ञानाच्या पंगतीला बसते, हे पाहून एखाद्या बाईने टाळी वाजवली, तर तिला दिशाभूल म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

आता भाकरीचा प्रश्न. मंगळयानाचा खर्च सुमारे ४५० कोटी रुपये झाला, म्हणजे देशातल्या दर माणशी साडेतीन रुपयांच्या आसपास. हा पैसा वाचवल्याने दारिद्र्य हटले असते, असे कोणताही हिशेबी माणूस म्हणणार नाही. दारिद्र्याची मुळे जमिनीच्या वाटपात, मजुरीच्या दरात आणि शेतमालाच्या भावात आहेत. अग्निबाण की भाकरी हा पेच खोटा आहे. उडालेल्या अग्निबाणाचे फळ कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न खरा आहे.

हा प्रश्न अमेरिकेत रेव्हरंड राल्फ ॲबरनथी यांनी विचारला. १५ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, ते खेचरांच्या गाड्या आणि गरीब कुटुंबे घेऊन केप केनेडीच्या दाराशी आले. अवकाश संस्थेचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटले. उड्डाण थांबवल्याने दारिद्र्य मिटणार असेल तर कळ दाबणार नाही, असा पेन यांच्या बोलण्याचा आशय होता. मोर्चातल्या काही कुटुंबांना उड्डाण पाहण्यासाठी जागा देण्यात आली. यान आकाशात चढले तेव्हा आपणही क्षणभर उपाशी माणसांना विसरलो, अशी कबुली ॲबरनथींनी दिली. त्यांनी विस्मय लपवला नाही आणि मागणीही सोडली नाही. टाळी वाजवणारा माणूस मोर्चात असू शकतो, हे यातून शिकायचे.

आपल्याकडे रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनने श्रीहरिकोट्याच्या प्रक्षेपण तळासाठी अवजड सामग्री बनवली. २०२३ मध्ये चंद्रयानाचा जयजयकार चालू असताना तिथले कामगार वर्षाहून अधिक काळ थकलेल्या पगारासाठी आंदोलन करीत होते. चंद्रयान-३ चे भाग त्या कारखान्यात बनले नाहीत, असा सरकारी खुलासा झाला. तो मान्य केला तरी थकलेला पगार थकलेलाच राहतो.

आणि तीर्थपुरीच्या शिवाराचे काय? २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान चंद्रावर उतरले. तोच ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जालना जिल्ह्यातले भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा हे पाच तालुके त्यात होते. तीर्थपुरी ज्या तालुक्यात येते तो घनसावंगी त्यात नव्हता. महसूल मंडळांची दुसरी यादी नंतर निघाली. दुष्काळ ठरवण्याच्या निकषांत पावसाच्या तुटीबरोबर उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई आणि जमिनीतला ओलावाही मोजला जातो. म्हणजे ज्या उड्डाणाला पडद्यावर टाळी पडते, तसल्याच एखाद्या उड्डाणाने वर गेलेला डोळा या शिवाराकडे पाहतो, आणि त्याच्या पाहण्यावर शेतसाऱ्याची सूट, कर्जाची फेरआखणी, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी अवलंबून असते.

उपग्रहाचा यात दोष नाही. तो सरकारी टेबलापेक्षा निःपक्षपाती असू शकतो. परंतु हिरवे दिसणारे रान दाण्याने भरलेलेच असते असे नाही. शेंग न धरलेले सोयाबीनही वरून हिरवेच दिसते. म्हणून तालुक्याचे आकडे तहसिलीच्या भिंतीवर मराठीत लागले पाहिजेत. ग्रामसभेला ते तपासण्याचा आणि शेताच्या बांधावर पडताळणी मागण्याचा हक्क असला पाहिजे. करदात्याच्या पैशाने आकाशात गेलेल्या डोळ्याला काय दिसले, हे ज्याचे शेत पाहिले गेले त्याला कळू नये, ही लोकशाहीतली विसंगती आहे.

तेव्हा उड्डाणाचे दृश्य आले की टाळी जरूर वाजवावी. ती माणसाच्या बुद्धीला, काटकसरीला आणि न दिसणाऱ्या हातांना आहे. मात्र खेळ सुटल्यावर गावात परतलेल्या प्रेक्षकाने तहसील कचेरीत जाऊन आपल्या मंडळाची यादी मागावी. टाळीइतकाच त्या यादीवरही त्याचा हक्क आहे.