पाहुणे पक्षी आणि गावाचा उत्सव
(शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



दारी पाहुणा आला म्हणजे घरधनी प्रथम त्याच्या विसाव्याची सोय पाहतो, कौतुक मागाहून. पक्ष्यांचा उत्सव करताना मात्र हा साधा शिष्टाचार पुष्कळदा विसरला जातो. म्हणून तो पाळणाऱ्या एका गावाची हकीकत वर्गात अवश्य सांगण्याजोगी आहे.

आंध्र प्रदेश व तमिळनाडू यांच्या सीमेवर पुलिकत नावाचे मचूळ पाण्याचे विस्तीर्ण सरोवर आहे. श्रीहरिकोटा बेटामुळे ते बंगालच्या उपसागरापासून वेगळे झाले आहे. हिवाळ्यात त्याच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. जवळच नेलपट्टू हे गाव असून तेथील तळ्याभोवतीच्या परिसरात १९७६ साली पक्षी अभयारण्य स्थापन झाले. पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर झोळीवाले पक्षी घरटी बांधतात. ऑक्टोबरच्या सुमारास ते येतात आणि पिले उडती झाली म्हणजे निघून जातात.

या पाहुण्यांच्या गौरवार्थ २००१ पासून सुळ्ळूरपेटा येथे रोहित पक्ष्यांचा उत्सव भरू लागला. २०२० नंतर त्यात खंड पडला. २०२५ च्या जानेवारीत तो पुन्हा भरला. त्या वेळी गाणी होतात, नृत्ये होतात, शाळांतील मुले दुर्बिणीतून पक्षी पाहतात. हे सर्व स्वागतार्हच आहे.

परंतु उत्सव दोनतीन दिवसांचा. पक्ष्यांचा मुक्काम कित्येक महिन्यांचा. तो निर्वेध पार पडतो तो गावकऱ्यांच्या संयमामुळे. पक्ष्यांची विष्ठा तळ्यात पडते, तेच पाणी शेतांना मिळते आणि पीक जोमाने येते, असा नेलपट्टूच्या शेतकऱ्यांचा अनुभव आहे. म्हणून हे पक्षी त्यांना शुभ वाटतात. ज्याचा उपकार कळतो त्याचे रक्षण मनुष्य आपण होऊन करतो. तेथे पहारेकऱ्याची गरज कमी पडते.

येथेच शिक्षकाचे कार्य सुरू होते. गलका झाला, दगड भिरकावला गेला, की घरट्यावरील पक्षी उडतो. तेवढ्या वेळात अंडी उन्हात तापतात, कावळे ती फोडतात. म्हणजे पक्षी पाहण्यास गेलेली शाळाच पक्ष्यांच्या नाशास कारण होऊ शकते. उत्सवाचा पहिला पाठ मौनाचा असावा, तो यासाठी.

दुसरा पाठ निरीक्षणाचा. रोहित पक्षी मान खाली घालून चोच उलटी धरतो व चिखलपाण्यातून बारीक जीव आणि शेवाळ गाळून घेतो. त्याचा गुलाबी रंग याच अन्नातून येतो; पिले करड्या रंगाची असतात. असे का, हा प्रश्न मुलांनी स्वतः विचारावा, अशी शिक्षकाने वाट पाहावी. उत्तर देण्याची घाई करू नये.

तिसरा पाठ नोंदीचा. आपल्या राज्यात ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य घोषित केले गेले. उजनीच्या जलाशयावरही हे पाहुणे येतात. तथापि प्रत्येक शाळेला तेथे जाता येईलच असे नाही आणि त्याची गरजही नाही. गावचे तळे, पाझर तलाव, खाडीचा काठ पुरे आहे. मारुती चितमपल्ली व सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्रात २०२० पासून शासकीय पातळीवर पाळला जातो. त्या आठवड्यात चार-पाच मुलांची एकेक तुकडी पाण्याकाठी न्यावी. कोणता पक्षी, किती, काय करीत होता, हे वहीत लिहून घ्यावे. नाव ठाऊक नसेल तर चित्र काढावे. तीच वही पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती द्यावी. दहा वर्षांनी ती गावाच्या पाण्याचा इतिहास सांगेल.

मिरवणूक, फलक, भाषणे यांनी उत्सव साजरा होतो खरा. परंतु तो सफल झाला की नाही, हे पाहुणे पुढील वर्षी परत आले म्हणजेच समजते.