बैलाला डॉक्टर, झाडाला कुऱ्हाड

(पूर्णा येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलून झाले, पीकविम्यावरही बोलून झाले. माझ्या वाट्याला धुऱ्यावरची झाडे आली आहेत. विषय लहान वाटेल, पण हिशेब लहान नाही.

आधी एक प्रश्न विचारतो. दावणीचा बैल खाली बसला, वैरणीला तोंड लावीना, तर तुम्ही कोणाला बोलावता? जनावरांच्या डॉक्टरला. बैलबाजारातल्या दलालाला बोलावून "बघा हो, याला काय झालंय" असे कोणी विचारत नाही. दलालाचे उत्तर काय येणार हे आपल्याला ठाऊक असते. "आता काही राहिलं नाही त्याच्यात, देऊन टाका," असेच तो म्हणणार.

आता धुऱ्यावरचा आंबा एका अंगाने वाळायला लागला, तर कोणाला बोलावता? लाकडाच्या व्यापाऱ्याला. तो झाडाभोवती एक चक्कर मारतो, खोडावर कुऱ्हाडीचा तुंबा वाजवून बघतो आणि सांगतो, "आतून पोकळ आहे. पावसाळ्यात पडेल. आताच तोडलं तर चार पैसे येतील." आणि आपण मान डोलावतो! बैलाच्या बाबतीत जी गोष्ट लहान पोरालाही कळते, ती झाडाच्या बाबतीत आपल्याला कळू नये?

झाड म्हणजे कोरडवाहू माणसाची ठेव

बागाईतदाराचे सोडा. आपली जमीन काळी, पाणी आभाळाचे. कापूस आणि ज्वारी, दोन्ही पावसाच्या हातात. कधी बोंडअळी, कधी पावसाची ओढ, कधी ऐन काढणीत पाऊस. अशा वर्षी घरात जो थोडाफार पैसा येतो तो कुठून येतो, आठवून बघा. चिंचेचा खंड, आंब्याचे चार कॅरेट, बोरे, लिंबोळ्या, शेळ्यांना बाभळीच्या शेंगा, औताला लाकूड. झाडाची मुळे पिकापेक्षा खोल जातात, म्हणून पीक गेले तरी झाड काहीतरी देते.

झाडालाही मर्यादा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, या भागात मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. पिढीची कमाई सरपणाच्या भावाने गेली. एकदा गेलेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. चिंच गेली तर नातवाला फळ दिसेल.

सरकारचे धोरण काय? झाड लावायला पैसा, झाड सांभाळायला नाही. रोजगार हमीतून फळबागा लावण्याची योजना १९९० मध्ये आली. २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना आहे, तिचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते. चौथ्या वर्षापासून झाड आणि शेतकरी दोघेच. झाडाचे खरे आयुष्य तर तिथूनच सुरू होते.

फुकट सल्ला फुकट नसतो

झाड बिघडले की आपल्याला तीन जण सल्ला देतात. लाकडाचा व्यापारी, औषधाचा दुकानदार आणि गावातला पारावरचा शहाणा. तिघेही फी घेत नाहीत. मग त्यांचे पोट कशावर चालते?

व्यापाऱ्याचे लाकडावर. ज्याची मजुरी लाकडात, त्याचा सल्ला कुऱ्हाडीचाच असणार. दुकानदाराचे पोट बाटलीवर. आंब्याच्या खोडातून भुसा पडतो म्हणून सांगितले की तो वरून फवारायचे औषध देतो. भुसा पाडणारी अळी बसली आहे खोडाच्या आत, फवारा बसतो पानांवर! अळी आपली सुखाने खोड पोखरत राहते. भुसा दिसताच छिद्र तारेने साफ करायचे, औषधाचा बोळा आत घालायचा आणि चिखलाने तोंड बंद करायचे, हा त्यावरचा इलाज. त्याला बाटली लागत नाही, नजर लागते. आणि उंच झाडावर डोक्याच्या वर फवारणी म्हणजे अर्धे औषध आपल्याच अंगावर. यवतमाळात २०१७ साली कापसावर फवारताना विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपल्यासारखेच कापूसवाले होते.

दुकानदार वाईट माणूस आहे असे मी म्हणत नाही. हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ पासून दुकानदारांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम चालवला आहे, तो करून चांगला सल्ला देणारेही आहेत. पण माणूस ज्यातून कमावतो, त्याच दिशेने त्याचे डोळे वळतात. हा व्यवहार आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. झाडाचा सल्ला अशा जाणकाराकडून घ्या, ज्याला ज्ञानाचे पैसे मिळतात, लाकडाचे किंवा बाटलीचे नाही. आणि ते पैसे खळखळ न करता द्या.

जाणकार काय वेगळे बघतो?

अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडे करवतीने उभी चिरून आतली कूज तपासली. १९७७ साली त्यांनी मांडले की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून कुंपण घालते आणि वरून नवी साल चढवून जखम झाकते. कूज आतच राहते, पण कोंडलेली राहते. म्हणजे पोकळ झाड मेलेलेच असते असे नाही. चांगले लाकूड कडेने किती जाड उरले आहे, मुळे धडधाकट आहेत का, झाड कुठल्या अंगाला कलले आहे, हे बघून ठरवावे लागते. तुंबा वाजवून ते ठरत नाही.

फांदी उतरवण्याचेही तसेच. आपल्याकडे खोडाला चाटून एक घाव घालतात. फांदी पडताना हातभर साल सोलून नेते. जाणता माणूस तीन वेळा कापतो. आधी खोडापासून हातभर दूर, खालच्या बाजूने थोडी खाच घेतो. मग तिच्या जरा पुढे वरून कापतो, फांदी साल न ओढता खाली येते. शेवटी उरलेला खुंट काढतो. फांदीच्या बुडाशी फुगीर कडे असते, त्याला तो धक्का लावत नाही, कारण जखम झाकणारी साल तिथूनच चढते. खुंट लांब ठेवला तर तो वाळून कुजतो. जखमेवर डांबर किंवा ऑइल पेंट फासल्याने कूज थांबत नाही. आपल्याकडे कृषी विद्यापीठे शिफारस करतात ती बोर्डो मलमाची: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर.

जुना आंबा छाटून नवा करता येतो, हे तुम्ही ऐकले असेल. खरे आहे. लखनौच्या केंद्रीय संस्थेने त्याची पद्धत बसवली आहे. पण छाटणी हे निम्मे काम. नंतर फुटलेल्या कोंबांची विरळणी, खोडकिडीवर नजर, खत, आळे, हे सगळे दोन-तीन वर्षे करावे लागते. ते न करता कोणी "झाड बोडके करून देतो, लाकूड मला" म्हणत असेल, तर त्याला छाटणीशी नव्हे, लाकडाशी मतलब आहे.

तोडायची घाई किती महागात पडते बघा. शेजारच्या तेलंगणात २०२१ च्या सुमारास कडुलिंबाचे शेंडे वाळायला लागले. उभी झाडे तपकिरी दिसू लागली, लोकांना वाटले लिंब संपला. पुढे त्यातल्या अनेक झाडांना नवी पालवी फुटली. ज्याने थांबून जाणकाराला विचारले त्याची सावली राहिली. ज्याने आधीच तोडले त्याच्या हाती सरपण.

आणि काही वेळा दुखणे झाडात नसतेच. खोडाभोवती सिमेंटचा पार बांधला, बुंध्यावर दोन फूट माती चढवली, ट्रॅक्टरने खोल नांगरताना मुळे तोडली, धुऱ्यावर पऱ्हाट्या पेटवून खोड भाजले. खाणारी बारीक मुळे बुंध्याशी नसतात, घेराच्या कडेला आणि बाहेर, वरच्या दोन-तीन फुटांत असतात. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली झाडाभोवतीचे एक मीटरचे सिमेंट काढायला लावले, ते याच कारणाने. आपल्या गावात मात्र पार बांधणाऱ्याचा सत्कार होतो आणि पाच वर्षांनी पिंपळ का वाळला म्हणून आपण देवाला विचारतो.

जाणकार ओळखायचा कसा?

जनावरांच्या डॉक्टरसाठी १९८४ चा कायदा आहे, नोंदणी आहे. झाडाच्या डॉक्टरसाठी आपल्या देशात अशी नोंदणी नाही. कोणीही पाटी लावू शकतो. परदेशात वृक्षतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था १९९२ पासून परीक्षा घेऊन दाखला देते. आपल्याकडे मोठ्या शहरांत असे दाखलेवाले भेटतील, पूर्णेच्या धुऱ्यावर ते येणार नाहीत. पण हात बांधून बसायचे कारण नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आपल्या परभणीलाच आहे, १९७२ पासून. उद्यानविद्या, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र असे विभाग आहेत. रोगट फांदी, साल, बुंध्याजवळची माती पिशवीत घेऊन पहिली गाडी पकडा. कृषी विज्ञान केंद्राला विचारा. किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे. हा सल्ला सरकारी खर्चाचा आहे, म्हणजे आपल्याच करातून आधी भरलेला.

शेतावर माणूस आणायचा असेल तर कृषी किंवा उद्यानविद्येचा पदवीधर बघा आणि त्याला पाच प्रश्न विचारा. शिक्षण कुठे झाले? तीन वर्षांपूर्वी हाताळलेले एखादे झाड दाखवाल का? फी किती, आणि लाकूड किंवा औषध विकण्यात तुमचा वाटा आहे का? दुखणे काय आणि इलाज काय, हे कागदावर लिहून द्याल का? इलाजानंतर पुन्हा बघायला कधी येणार? जो झाड न बघता फोनवर औषध सांगतो किंवा पहिल्याच भेटीत "तोडा" म्हणतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

तोडावेच लागले, तर आधी कायदा बघा. महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, साग, मोह, चंदन अशी झाडे आहेत. स्वतःच्या शेतातले असले तरी परवानगी लागते. व्यापारी लाकूड भरून निघून जातो, नोटीस येते ती सातबाऱ्यावरच्या नावाला.

वर चढणारा माणूस

जाणकार खाली उभा राहून सांगतो, करवत घेऊन वर चढतो तो आपल्याच गावातला मजूर. त्याच्याही कसबाचे मोल आहे. कमरेला दोर नाही, शेजारून विजेची तार जाते, आणि आपण खालून ओरडतो "अजून थोडा पुढे सरक". तो पडला तर? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना मृत्यूला २ लाख देते, पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरच्या एका माणसाला. भूमिहीन मजुराचे घर उघडे पडते. म्हणून दोर, तारेजवळ काम असेल तर वीज बंद करून घेणे आणि पावसात चढू न देणे, हे झाडाच्या मालकाने बघायचे. त्याला रोख मजुरी द्या, लाकडात देऊ नका. लाकडात दिली की तोही जास्तीची फांदी पाडणार.

परवडते का?

शेवटी तोच प्रश्न येतो. हिशेब करू. समजा, चिंचेचा खंड वर्षाला ४ हजार येतो. व्यापारी उभ्या झाडाचे १२ हजार देतो. म्हणजे तो तीन वर्षांचे उत्पन्न देऊन पुढच्या पन्नास वर्षांचे झाड घेऊन जातो. आकडे तुमचे घाला, व्यवहार असाच निघेल. यापुढे जाणकाराची एका दिवसाची फी ठेवून बघा. एकट्याला जड वाटत असेल तर पाच-सहा जणांनी मिळून एक दिवस ठरवा, सगळ्यांचे धुरे एका फेरीत दाखवा आणि खर्च वाटून घ्या. मळणी यंत्र आपण असेच आणतो.

अजून एक सांगतो. सल्ला देऊन पोट भरावे म्हणून कृषी पदवीधरांसाठी २००२ साली ॲग्री-क्लिनिकची योजना निघाली. आपली पोरे शिकली आहेत. पण गावात सल्ल्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसेल, तर तो पोरगा काय करील? तोही बाटल्यांचे दुकान टाकील, आणि मग खरा सल्ला विकत घ्यायचा म्हटला तरी मिळणार नाही. आपण जन्मभर आपल्या घामाचे दाम मागतो. मग दुसऱ्याच्या विद्येचे दाम देताना हात आखडता घ्यायचा, हे आपल्याला शोभत नाही.

गावी गेल्यावर एवढे करा. उद्या सकाळी धुऱ्यावरून चक्कर मारा. किती झाडे, कोणती, कुठे भुसा पडतो, कुठे डिंक गळतो, कुठे बांडगूळ चढले आहे, हे वहीत उतरवा. पावसाळ्याआधी पाच जण एकत्र या आणि जाणकाराचा दिवस ठरवा. तोवर कोणाचीही कुऱ्हाड धुऱ्याला लागू देऊ नका.