वीज, वादळ आणि अर्धा खाडा



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास १८७५ साली सुरू केली. योगायोग असा की, आपल्या देशाचे हवामान खातेही १८७५ सालचेच. चार माणसे जमवून विचार ऐकायचा आणि आभाळाची रोज नोंद ठेवायची, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच वर्षी जन्मल्या. तेव्हा हिंगण्याच्या या मांडवात आम्ही आभाळावर बोलावे, हे अगदीच अप्रस्तुत होणार नाही. बोलणाऱ्याचा अधिकार मात्र बेताचा आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. उभे आयुष्य कामगार संघटनेत गेले. म्हणून विषय विजेचा असला, तरी आम्ही तो हजेरीच्या मस्टरवरूनच पाहणार, हे आधीच सांगून ठेवतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मृगाचे दिवस होते. या तालुक्यातल्या एका बांधकामावर स्लॅब भरण्याचे काम चालले होते. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळे होत आले आणि गडगडू लागले. बायामाणसे घमेली खाली ठेवून उतरू लागली. मुकादम ओरडला, "स्लॅब अर्धा राहिला तर वाया जाईल. जो उतरेल त्याचा अर्धा खाडा!" काही जण उतरले, काही वर राहिले. वर राहिलेल्यांपैकी एक जण पुन्हा घरी गेला नाही. तो आमच्या संघटनेचा सभासद होता. घरी दोन लहान मुली होत्या.

आम्ही संतापाने त्याच रात्री पत्रक लिहिले. "जगाचे हवामान बिघडले आहे, विजा दुप्पट झाल्या आहेत, भांडवलदारांच्या धुरानेच आमचा भाऊ मारला," असे त्यात छापले. दोन दिवसांनी वाचनालयात एक निवृत्त गुरुजी भेटले. पत्रक त्यांच्या हातात होते. त्यांनी एवढेच विचारले, "दुप्पट हा आकडा कोठून आणलात?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. पण खरा तडाखा पुढेच बसला. नुकसानभरपाईच्या बोलणीला बसलो, तेव्हा ठेकेदाराने आमचेच पत्रक आमच्यापुढे टाकले. म्हणाला, "तुम्हीच लिहिता की ही साऱ्या जगाच्या हवेची करणी आहे. मग मी गरीब माणूस त्यात काय करणार?"

बंधुभगिनींनो, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. मुकादमाच्या तोंडचा 'अर्धा खाडा' आमच्या पत्रकात कोठेच नव्हता! ज्या गोष्टीने माणूस गेला ती आम्ही विसरलो, आणि जी सिद्ध करता येत नव्हती ती मोठ्या अक्षरांत छापली. तेव्हापासून या विषयाचे जे मिळेल ते आम्ही वाचत आलो. त्यातून जे समजले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम वीज होते कशी ते पाहू. वैशाखात आपल्या नागपूरची जमीन तव्यासारखी तापते. २०१३ च्या मे महिन्यात येथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून बाष्प आले, की ढगाचा मनोरा चढू लागतो आणि बारा, पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत पोचतो. त्या उंचीवर पाण्याचे बर्फ होते. बर्फाचे हलके स्फटिक वर जात असतात, जड गारगोळे खाली येत असतात, आणि त्यांच्या टकरींतून विद्युत्‌भार वेगळा होतो. वरच्या भागात धन, खालच्या भागात ऋण. हा ताण हवेला सोसवेनासा झाला की वीज चमकते. तिच्या वाटेवरची हवा क्षणभर सुमारे तीस हजार अंश तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती हवा स्फोटासारखी फुगते, तोच गडगडाट. पायाळू माणसाला वीज शोधून काढते, असे आपल्याकडे अजून म्हणतात. विजेला कोणाचा जन्म ठाऊक नसतो. मोकळ्या जागेत जो उंच उभा आहे, तो तिला जवळचा.

आता वादाकडे वळू. हवामान तापते आहे, त्याने वादळे वाढतात काय? याचे एकच एक उत्तर नाही. प्रश्नाचे तुकडे करावे लागतात.

पहिला तुकडा पावसाचा. हवा एक अंशाने तापली, तर ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. हा जुना, कसोटीला उतरलेला नियम आहे. म्हणून थोड्या वेळात कोसळणारा पाऊस अधिक जोराचा होत आहे, यावर शास्त्रज्ञांचे बऱ्यापैकी एकमत आहे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपण विसरलो नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, आपल्या शेजारचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. पण तेथेही एका रात्रीवर बोट ठेवून 'ही हवामानबदलाचीच' असे म्हणता येत नाही. शिवाय पाणी आभाळातून पडते ते एका कारणाने, आणि घरात शिरते ते दुसऱ्या. नाल्यांच्या वाटा कोणी अडवल्या, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

दुसरा तुकडा विजेचा. २०१४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की, तापमान एक अंशाने वाढले तर त्या देशात जमिनीवर पडणाऱ्या विजा सुमारे बारा टक्क्यांनी वाढतील. २०१८ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या रीतीने गणित केले. तापमान फार वाढले तर शतकाच्या अखेरीस जगातल्या एकूण विजा सुमारे पंधरा टक्क्यांनी घटतील, असे त्यांचे उत्तर आले. दोघेही प्रामाणिक, दोघेही विद्वान. फरक कोठे पडला? पहिल्यांनी ढगाची वर चढण्याची शक्ती आणि पाऊस धरला. दुसऱ्यांनी ढगातल्या बर्फाची ये-जा धरली. हवा तापली तर बर्फ कमी, आणि बर्फ कमी तर टकरी कमी, हे त्यांचे म्हणणे. हा वाद अजून मिटलेला नाही.

तिसरा तुकडा गारांचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली, तिने उभे गहू-हरभरे आणि फळबागा झोडपून काढल्या. तेव्हाही हाच प्रश्न उठला. जगातल्या हवामानशास्त्रज्ञांच्या आंतरसरकारी मंडळाने २०२१ च्या अहवालात सांगितले की, मुसळधार पावसाची वाढ ठळक दिसते. गारा आणि वादळी वारे यांच्या मागच्या नोंदींवरून मात्र तितक्या खात्रीने बोलता येत नाही.

खात्रीने का बोलता येत नाही? कारण मोजमाप नवे आहे. पूर्वी वीज मोजायला कोणी बसले नव्हते. आता पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर विजेची नोंद घेणारी यंत्रे बसवली आहेत. यंत्रे वाढली की नोंदी वाढतात. नवा कारकून येतो तेव्हा मस्टरवर नावे वाढतात; म्हणून कामगार वाढले असे होत नाही. आणि यंत्रही चुकते. ३० मे २०२४ रोजी आपल्या नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने छप्पन्न अंश तापमान दाखवले. देशभर बोभाटा झाला. पुढे हवामान खात्याने तपासले, तर यंत्राचा दोष निघाला. खात्याने ते उघडपणे सांगितले, हे आम्हांस मोठे वाटते. आम्हांला आमच्या पत्रकातली चूक कबूल करायला वर्ष लागले होते.

मग धुराचे काय? तेही पाहिले. २०१७ साली असे प्रसिद्ध झाले की, हिंदी महासागराच्या पूर्वेकडच्या आणि दक्षिण चीन समुद्रातल्या गजबजलेल्या जहाजमार्गांवर आसपासच्या समुद्राच्या जवळजवळ दुप्पट विजा चमकतात. जहाजांच्या धुरातले बारीक कण ढगाची घडण बदलतात, हे त्याचे कारण सांगितले गेले. २०२० पासून जहाजांच्या इंधनातले गंधक कमी करण्याचा नियम आला, आणि त्या मार्गांवरच्या विजा सुमारे निम्म्याने उतरल्या. तेव्हा माणसाचा हात आभाळापर्यंत पोचतो, यात शंका नाही. परंतु त्यावरून हिंगण्याच्या धुराड्याने हिंगण्याची वीज पाडली, असे म्हणणे म्हणजे आमचे जुने पत्रक पुन्हा छापणे होय.

काही लोक या अनिश्चिततेचा उलटा फायदा घेतात. ते म्हणतात, "वादळे आमच्या आजोबांच्या वेळीही होती, सगळा बाऊ आहे." त्यांनाही आमचे उत्तर आहे. तापमान वाढले, हे मोजलेले आहे. ते माणसाच्या धुराने वाढले, हेही ठरलेले आहे. वीज किती वाढेल हे ठरायचे आहे, म्हणून बाकीचे खोटे होत नाही. हिशेबातली एक रक्कम अनिश्चित असली, तर कोणी सारी वही फाडत नाही.

पण मुख्य रक्कम निराळीच आहे. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात नैसर्गिक कारणांनी जे ८,०६० अपघाती मृत्यू झाले, त्यांतले २,८८७ एकट्या विजेने झाले. हे लोक कोण? वावरात पेरणी-निंदण करणारे, गुरे राखणारे, बांधकामावर घमेले वाहणारे. आकाशाखाली सारे सारखे, असे कीर्तनात ऐकतो. परंतु तीन वाजताच्या आकाशाखाली कोण उभा असतो, हे मजुरीच्या दराने ठरते. विजांची संख्या बारा टक्क्यांनी वाढो की पंधरा टक्क्यांनी घटो, मुकादमाने माणसाला खाली उतरू दिले तर तो वाचतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गडगडाट ऐकू आला की उघड्यावरचे काम थांबावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबलेले राहावे. त्या वेळेची मजुरी कापू नये. कामाच्या जागेजवळ पक्के, बंदिस्त छप्पर असावे. झाड किंवा उघडे टिनाचे शेड हा आसरा नव्हे. पुण्याच्या त्याच संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप जवळपासच्या विजेची सूचना मोबाइलवर देते. प्रत्येक कामावर एका माणसाकडे ते पाहण्याची जबाबदारी असावी. वावरात सापडलात तर एकटे झाड टाळा, घोळका करू नका, पाय जुळवून उकिडवे बसा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. आणि कोणाला वीज लागली तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास बंद असेल तर छाती दाबायला लागा आणि गाडी बोलवा.

त्या बांधकामाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. आम्ही दुसरे पत्रक काढले. त्यात जगाच्या हवेचा उल्लेख नव्हता. तारीख होती, वेळ होती, आणि मुकादमाचे ते दोन शब्द होते. त्यावर उतरलेल्या आणि वर राहिलेल्या सर्वांच्या सह्या-अंगठे होते. या वेळी ठेकेदाराला ते आमच्यापुढे टाकता आले नाही. वारसांना रक्कम मिळाली, आणि गडगडल्यावर खाडा धरणार नाही असे त्याने लिहून दिले. तालुक्यातल्या बाकीच्या कामांवर ते अजून लिहून घ्यायचे आहे.

मृग जवळ आला आहे. आपल्यापैकी कोणी घर बांधीत असेल, कोणाच्या वावरात मजूर येत असतील. आभाळ भरून आले की त्यांना आपणच हाक मारा, आणि संध्याकाळी मजुरी पुरी द्या.