पानें वाटणाऱ्याची मजुरी



सेवानिवृत्त शिक्षकानें पत्त्यांच्या डावाविषयीं बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु गेल्या श्रावणांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला आणि त्यानें असा प्रश्न घातला कीं, उत्तर देतांना मला माझ्या तरुणपणाचा एक हिशेब पुन्हां उघडावा लागला. तो आज आपणांपुढें मांडतों.

आमचें दिवा गांव ठाणें व कल्याण यांच्या मधलें. एके काळीं तें खाडीकांठचें खेडें होतें. आतां तें चाळी-इमारतींनीं गजबजलेलें जंक्शन झालें आहे. या पट्ट्यांत गोकुळाष्टमीच्या रात्रीं जागरण करून पत्ते खेळण्याची चाल जुनी आहे. पूर्वी तीन पानी आणि रमी चाले; आतां तरुण मंडळींत पोकर आला आहे. त्यांत प्रत्येकाला दोन पानें झांकून मिळतात, पांच पानें सर्वांसाठीं मध्यें उघडतात आणि फेरी-फेरीनें पैसे लागतात. खेळणारानेंच पानें वाटलीं तर खेळ रेंगाळतो, शिवाय संशयाला जागा राहते. म्हणून कोणी कोणी वाटणारा मजुरीनें बोलावतात.

विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, डोंबिवलीस एका घरीं दर शनिवारीं सहा मित्र खेळतात. पानें वाटायला मला बोलावलें आहे. प्रत्येक डावांतून शेंकडा पांच काढायचे. निम्मे माझे, निम्मे घरमालकाचे. घेऊं ना हें काम?"

या कापणीस आपल्याकडे जुना शब्द आहे, नाल. ही कल्पनाहि आजची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्यूतावरील अधिकाऱ्यानें जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच घ्यावे आणि फांशांचें भाडें वेगळें घ्यावें, असें सांगितलें आहे. याज्ञवल्क्यस्मृतींतहि द्यूतगृह चालविणाऱ्या सभिकाचा असाच वांटा ठरविलेला आहे. म्हणजे शेंकडा पांच हा आंकडा फार पुरातन आहे. परंतु पुरातन आंकडाहि एकदां गुणून पाहावा.

मीं पाटी घेतली. तासाला २५ डाव, सहा तास, म्हणजे १५० डाव. एका डावांत सरासरी २०० रुपये जमले, तर नाल १० रुपये. रात्रीचे झाले १,५०० रुपये. सहा जण प्रत्येकीं हजार रुपये घेऊन बसले असतील, तर सहा हजारांतील चौथा हिस्सा कोणीहि न जिंकतां टेबलावरून उठून गेला! खेळणारांस मात्र तो जातांना दिसत नाहीं. कारण तो दहा-दहा रुपयांनीं जातो.

मग कायदा पाहिला. मी वकील नव्हे. पण १८८७ सालीं मुंबई इलाख्यासाठीं झालेला जुगार-प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रांत आजहि चालतो. पत्ते घरमालकाच्या वा अड्डा चालविणाऱ्याच्या नफ्यासाठीं ठेवले आहेत काय, ही त्यांतील एक मुख्य कसोटी आहे. शिवाय दोष केवळ मालकावर येत नाहीं. असा अड्डा चालविण्यास साहाय्य करणाराहि त्यांत सांपडतो. सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यांत १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. तरी घरमालक खेळांतून नफा काढीत असल्यास गुन्हा होऊं शकेल, असेंहि बजावलें. पोकरविषयीं तर न्यायालयांतच मतभेद आहे. गुजरातच्या उच्च न्यायालयानें २०१७ सालीं त्यास जुगार म्हटलें; अन्य कांहीं उच्च न्यायालयांनीं त्यास कौशल्याचा खेळ मानलें. अशा स्थितींत नाल घेणें म्हणजे आपण होऊन संकटास आमंत्रण देणें होय.

परंतु माझा खरा आक्षेप कायद्याचा नाहीं. सुमारें चाळीस वर्षांपूर्वी, मी नुकताच शिक्षक झालों असतां, गोकुळाष्टमीच्या रात्रीं शेजारच्या ओटीवर तीन पानीचा डाव बसला होता. मी खेळत नसें. म्हणून विश्वासाचा मनुष्य या नात्यानें पानें पिसण्याचें व वाटण्याचें काम मजकडे आलें. डावामागें एक रुपया वाटींत पडे आणि तो माझा. मध्यरात्रीनंतर एक कारखान्यांतील कामगार हरूं लागला. पगाराचें पाकीट त्याच्या मांडीखालीं होतें. दोनदां त्यानें मला विचारलें, "मास्तर, आतां पुरे करूं काय?" मी कांहीं बोललों नाहीं. मीं पानें पिसलीं. पहाटे पाकीट रिकामें झालें. माझ्या वाटींत त्रेचाळीस रुपये होते. दुसऱ्या दिवशीं ते मीं त्याच्या घरीं नेऊन दिले. त्यानें ते घेतले नाहींत, आणि पुढें कित्येक वर्षें तो मजशीं बोललाहि नाहीं. डाव लांबण्यांत ज्याचा लाभ, त्याच्या तोंडून 'पुरे' हा शब्द निघत नाहीं, हें मीं त्या रात्रीं शिकलों.

म्हणून विद्यार्थ्यास मीं इतकेंच सांगितलें: मजुरी तासावर ठरव, ती आधीं ठरव, आणि स्वयंपाक्यास द्यावी तशी यजमानानें आपल्या खिशांतून ती द्यावी, कोण जिंकला याच्याशीं तिचा संबंध नसावा. डावांतून तूंहि घेऊं नकोस, यजमानानेंहि घेऊं नये. स्वतः खेळूं नकोस आणि कोणास उसने देऊं नकोस. आरंभीं व शेवटीं पैसे दोघांनीं मिळून मोजावे. उठण्याची वेळ ठरलेली असावी आणि ती पुकारण्याचा अधिकार तुझा असावा. शेवटची लोकल चुकली, तर परतीचें भाडें यजमानाकडे. एवढ्यानें सर्व निर्धोक होतें असें नाहीं. पण तुझा स्वार्थ दुसऱ्याच्या नुकसानींत राहणार नाहीं.

त्यानें या अटी यजमानास कळविल्या. यजमानानें दुसरा मनुष्य पाहिला. दर शनिवारचे साडेसातशें रुपये मीं घालविले, म्हणून विद्यार्थी मजवर थोडा रुष्ट आहे. तो रोष मीं पत्करला आहे; त्रेचाळीस रुपयांपेक्षां तो मला हलका वाटतो.