वेदना, संयम आणि हृदयाचे ठोके

वेदना ही शरीराला झालेल्या इजेची केवळ वर्दी नसून संवेदना आणि भावना यांच्या मिलाफातून घडणारा अनुभव असल्याने, सारखीच इजा एकाला असह्य होते, तर दुसरा ती सोसून नेतो. या फरकाचा काही अंश हृदयाच्या ठोक्यांत दिसतो. निरोगी हृदयाचे ठोके अगदी समान अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना ते किंचित जलद आणि सोडताना मंद होतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमुळे मुख्यत्वे होणाऱ्या या चढउताराला हृदयगतीची परिवर्तनशीलता म्हणतात. मन आवरणारे मेंदूच्या पुढील भागातील काही प्रदेश हृदयाच्या नियमनातही सहभागी असतात. दीर्घकालीन वेदना असलेल्यांत हा चढउतार सरासरीने कमी आढळतो. मात्र अपुरी झोप आणि मंदावलेली हालचालही तो घटवत असल्याने, यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे एवढ्यावरून ठरत नाही.

इच्छाशक्तीचा हृदयावर कितपत अंमल चालतो, याचा शोध पिंपरी-चिंचवडहून लोकलने गाठता येणाऱ्या लोणावळ्यातही घेतला गेला. तेथे स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभली. पुढे वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी लोणावळ्यासह भारतात केलेले प्रयोग 1961 मध्ये प्रसिद्ध झाले. हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्या योग्यांनी श्वास रोखून छातीचे स्नायू आवळल्यावर त्यांची नाडी लागेनाशी होई, पण विद्युत्‌आलेखात ठोके चालूच दिसत. हृदय थांबवल्याच्या दाव्याहून हा निष्कर्ष अधिक मोलाचा होता, कारण हृदयापर्यंत पोहोचण्याची संयमाची वाट श्वासातून जाते, हे त्यातून दिसले.

मिनिटाला सुमारे सहा श्वास, या संथ गतीने ठोक्यांतील चढउतार वाढतो आणि काही प्रयोगांत वेदनेची तीव्रताही कमी नोंदली गेली आहे. काळेवाडीत राहून पिंपरी, भोसरी वा चाकणच्या कारखान्यात पाळीने उभे राहणारा कामगार कंबरदुखी दात-ओठ खाऊन सोसतो, तेव्हा मात्र स्नायू ताठरतात, श्वास अडतो आणि नाडी वाढते. त्याला संयम म्हणण्याची रीत आहे, पण ती शरीराच्या दृष्टीने निराळीच क्रिया आहे. छातीत दाटून येणारी किंवा हाता-जबड्याकडे सरकणारी कळ तर श्वासाने शमवण्याची नव्हेच. तिथे ताबडतोब रुग्णालय गाठून हृदयाचा आलेख काढावा लागतो. मधुमेहात हृदयाकडील मज्जातंतू क्षीण झाले असतील, तर झटका कळ न येताही येऊ शकतो.